जुन्या लॅपटॉपची बॅटरी आणि कार्यप्रणालीची निवड

थोरल्या भावंडाने वापरलेला लॅपटॉप धाकट्याच्या वाट्याला यावा, ही आता पुष्कळ घरांतील रीत झाली आहे. विजेला जोडलेला असेपर्यंत तो बरा चालतो. परंतु पावसाळ्यात ऐन परीक्षेच्या तोंडावर वीज गेली, की थोड्याच वेळात त्याचा पडदा काळा होतो आणि अभ्यास अर्ध्यावर राहतो. मग कोणीतरी सुचवितो, "ऑपरेटिंग सिस्टीम बदला, बॅटरी दुप्पट टिकेल." ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे संगणकाची सर्व कामे वाटून देणारी कार्यप्रणाली. तिच्याविषयीच्या या सल्ल्यात तथ्य किती, ते आपण पाहू या.

आरंभी थोडे गणित करू. बॅटरीतील ऊर्जा वॉट-तासांत मोजतात. समजा, नव्या बॅटरीत ४८ वॉट-तास ऊर्जा मावत होती आणि लॅपटॉपला सरासरी १२ वॉट लागत होते. तर तो ४ तास चाले. लिथियम-आयन बॅटरी वापराने, उष्णतेने आणि नुसत्या काळानेही क्षीण होते. तिची क्षमता २४ वॉट-तासांवर आली, की तोच लॅपटॉप २ तासच चालणार. ही गेलेली क्षमता कोणतीही कार्यप्रणाली परत आणू शकत नाही. हंडाच लहान झाला आहे. आपल्या हाती आहे ती केवळ तोटी. नव्या प्रणालीने खर्च १२ वरून १० वॉटांवर आणला, तर २ तास २४ मिनिटे मिळतील. लाभ खरा, पण दुप्पट नव्हे. दुपटीसाठी खर्च ६ वॉटांवर यावा लागेल, आणि पडद्याच्या प्रकाशाला लागणारी वीज तर प्रणाली बदलल्याने आपोआप कमी होत नाही.

मग प्रणालीमुळे फरक पडतो तो कोठे? प्रोसेसरला काम नसते तेव्हा तो एक प्रकारे झोपी जातो, आणि ही झोप जितकी गाढ व सलग, तितकी बचत अधिक. पूर्वी लिनक्सचा गाभा, काम असो वा नसो, सेकंदाला शेकडो वेळा प्रोसेसरला जागे करी. २००७ साली निघालेल्या २.६.२१ या आवृत्तीपासून रिकाम्या वेळी ही निरर्थक हाक थांबविण्याची सोय झाली. पडद्याआड चालणारी फायलींची सूची, विषाणू-तपासणी, अद्ययावतीकरण ही कामेही झोपमोडच करतात. स्मृती अपुरी असेल तर हार्ड डिस्कवर सतत ये-जा होते, आणि तिलाही वीज लागते. म्हणून जुन्या यंत्रावर हलकी प्रणाली पुष्कळदा उपकारक ठरते.

परंतु हलकी म्हणजे काटकसरी असे समीकरण मात्र मांडू नये. चलच्चित्र दाखविण्याचे काम ग्राफिक्स भागाने केले तर वीज कमी लागते. त्यासाठी योग्य ड्रायव्हर नसेल, तर तो भार प्रोसेसरवर पडून पंखा घरघरू लागतो. त्यामुळे एका लॅपटॉपवर लिनक्स अधिक वेळ चालते, तर दुसऱ्यावर विंडोज.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला आणि अनेक जुने लॅपटॉप विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. त्यामुळे हा प्रश्न आता अनेक घरांत आला आहे. निर्णय ऐकीव गोष्टींवर नव्हे, प्रयोगाने करावा. प्रथम बॅटरीची मूळ व सध्याची क्षमता पाहावी. विंडोजमध्ये पॉवरसीएफजी या आज्ञेने तसा अहवाल मिळतो. लिनक्सच्या पुष्कळ आवृत्त्या पेनड्राइव्हवरून, काहीही न पुसता, चालवून पाहता येतात. पडद्याचा उजेड, वाय-फाय व काम तेच ठेवून दोन्ही प्रणालींखाली एका तासात किती वॉट-तास गेले, ते वहीत टिपावे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, हा प्रयोगशाळेतील नियम येथेही लागू आहे. प्रणाली कायमची बदलण्यापूर्वी सर्व फायलींची प्रत अन्यत्र ठेवावी.

क्षमता निम्म्याहूनही खाली गेली असेल, तर नवी बॅटरी हाच खरा उपाय होय. आणि बॅटरी फुगलेली दिसल्यास लॅपटॉप वापरणे तत्काळ थांबवावे. एरवी मात्र, यंत्र टाकून देण्यापूर्वी हा एका दिवसाचा प्रयोग करून पाहावा. त्यातून मिळालेली २४ मिनिटे वीज गेलेल्या संध्याकाळी एक धडा पुरा करावयास पुरेशी असतात.