माणूस कामावरून पारखावा

१९७१ सालची गोष्ट. मुंबईचे अजित वाडेकर भारताच्या क्रिकेट संघाचे कप्तान झाले. वय अवघे २९. आधीचे कप्तान पतौडी फार नावाजलेले. आम्ही तेव्हा नेवाशात शाळकरी पोरे होतो. रेडिओभोवती जमलेली मोठी माणसे म्हणत, "ह्या पोराला काय जमणार?"

त्याच वर्षी वाडेकरांच्या संघाने वेस्ट इंडीज आणि इंग्लंड यांना त्यांच्याच देशात जाऊन हरवले. असे पूर्वी कधी घडले नव्हते. तीच माणसे म्हणाली, "गडी हुशार हो!"

१९७४ साली इंग्लंडात तिन्ही कसोटी सामने हरले. पुन्हा तीच तोंडे शिव्या देऊ लागली.

मंडळी, गावात तरुण सरपंच निवडून येतो. त्यालाही आपण असेच बोलतो ना? आधी काम करू द्यावे. मग हिशेब मागावा.