सरहद्द, सार्वभौमत्व आणि छिटमहल

भूगोलाच्या तासाला आपण देशाची सरहद्द रंगीत पेन्सिलीनें गिरवितों आणि रेषा सुबक आली म्हणजे वही मिटतों. त्या रेषेच्या आंत राहणाऱ्या माणसांस ती काय देते, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. ज्या भूमीवर राज्याची सत्ता सर्वोच्च असते व तिच्याहून वरचढ दुसरी सत्ता नसते, तेथें त्या राज्याचें सार्वभौमत्व आहे असें म्हणतात. व्याख्या पाठ करण्यास सोपी आहे. आतां जेथें सार्वभौमत्व होतें, पण राज्याचा एक शिपाईहि पोंचूं शकत नव्हता, अशा भूमीची हकीकत ऐका.

बंगालच्या उत्तरेस कुचबिहार नांवाचें संस्थान होतें. अठराव्या शतकाच्या आरंभीं त्याचा मोगलांशीं तह झाला, तेव्हां मोगलांच्या मुलखांतील कांहीं गांवें कुचबिहारच्या सरदारांकडे राहिलीं, आणि कुचबिहारांतील कांहीं तुकडे मोगलांच्या शिपायांकडे. (राजा व रंगपूरचा फौजदार बुद्धिबळाच्या डावांत गांवें पणास लावीत, अशी दंतकथा त्या प्रांतीं सांगतात, ती गोड आहे, पण इतिहास नव्हे.) अशा तुटक तुकड्यांस बंगालींत छिटमहल म्हणतात. छिट म्हणजे वेगळा पडलेला तुकडा. महाल हा शब्द तर आपल्याहि जमाबंदींत होता.

इंग्रजी अमदानींत यांचा फारसा त्रास कोणास नव्हता. आपल्याकडे सांगली संस्थानचा मुलूखहि असाच विखुरलेला होता. पण सर्वांवर वरिष्ठ सत्ता एकच असल्यामुळें वाटेंत कोणी परवाना मागत नसे. १९४७ सालीं रंगपूर पूर्व पाकिस्तानांत गेलें, १९४९ सालीं कुचबिहार भारतांत विलीन झालें, आणि काल जी जमाबंदीची हद्द होती ती दोन राष्ट्रांची सरहद्द झाली. १९७१ सालीं पाकिस्तानच्या जागीं बांगलादेश आला. अखेरच्या यादीप्रमाणें भारताचे १११ तुकडे बांगलादेशांत होते व बांगलादेशाचे ५१ भारतांत. दहला खगराबाडी येथें तर कमालच होती. भारताचें एक तागाचें शेत बांगलादेशी गांवांत, तें गांव भारताच्या छिटमहलांत, आणि तो छिटमहल पुन्हां बांगलादेशांत! शेताचा मालक मात्र बांगलादेशी.

ऐकून हंसूं येतें. तेथें राहणाऱ्यांस येत नव्हतें. स्वतःच्या देशांत पाऊल ठेवावयाचें तर परकी भूमि ओलांडावी लागे. ती ओलांडण्यास परवाना हवा. आणि परवाना देणारी कचेरी त्या परकी भूमीच्या पलीकडे. विजेच्या तारा जवळून जात, पण आंत वळत नसत. चोरी झाली तर फिर्याद द्यावी कोणत्या ठाण्यांत? शाळेंत नांव घालण्यासाठीं कित्येक मुलांस शेजारच्या गांवांतील परक्या माणसास कागदोपत्रीं बाप म्हणावें लागे. आपल्या वर्गाच्या हजेरीपटावर आपलें खरें नांव आहे, ही गोष्ट आपणांस इतकी साधी वाटते! २०११ सालीं दोन्ही सरकारांनीं मिळून शिरगणती केली, तेव्हां अशीं सुमारें ५१,००० माणसें भरलीं.

मग ५०-६० वर्षें उपाय कां झाला नाहीं? १९५८ सालीं नेहरू व फिरोजखान नून यांच्यांत अदलाबदलीचा करार झाला होता. परंतु १९६० सालीं आपल्या सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें कीं, देशाची भूमि केवळ सरकारच्या सहीनें दुसऱ्यास देतां येत नाहीं. त्यासाठीं राज्यघटना दुरुस्त करावी लागेल. हें नीट ध्यानांत घ्या. भूमि राष्ट्राची असते, सरकारची नव्हे. हा नियम योग्यच होता, पण त्याची किंमत त्या खेडुतांनीं मोजली, असें मला वाटतें. १९७४ सालीं इंदिरा गांधी व शेख मुजीबुर रहमान यांनीं पुन्हां करार केला. बांगलादेशानें त्याच वर्षीं त्यास मान्यता दिली, आणि आपल्या संसदेची शंभरावी घटनादुरुस्ती व्हावयास २०१५ साल उजाडलें.

त्या वर्षीं ३१ जुलैच्या मध्यरात्रीं छिटमहल एकमेकांच्या देशांत मिळून गेले. ६८ वर्षांच्या स्मरणार्थ दासियारछडा येथें ६८ मेणबत्त्या लावण्यांत आल्या. कोणतें नागरिकत्व घ्यावयाचें, हें प्रत्येकास विचारलें होतें. बांगलादेशांतील भारतीय छिटमहलांतून हजाराहूनहि कमी माणसें भारतांत आलीं; बाकीचीं आपल्या शेतावर राहिलीं आणि देश बदलला. भारतांतील बांगलादेशी छिटमहलांतून तर कोणीच पलीकडे गेलें नाहीं.

दहग्राम-अंगरपोता हा बांगलादेशाचा तुकडा तेवढा अदलाबदलींत नव्हता. तो अजून तसाच आहे. त्याला मायदेशाशीं जोडणारी तीन बिघा नांवाची एक चिंचोळी वाट भारतानें १९९२ सालीं वापरण्यास दिली. प्रथम ती दिवसां कांहीं तासच उघडी असे. २०११ पासून अहोरात्र उघडी असते. जमिनीवर सार्वभौमत्व भारताचें, वहिवाट बांगलादेशाची. वाटेच्या मध्यावर भारताचा रस्ता तिला छेदून जातो, आणि तेथें भारतीय शिपाई उभा राहून दोन्ही देशांच्या गाड्यांस आळीपाळीनें वाट करून देतो.