दीर्घकालीन फुप्फुसविकारांचे निदान : तज्ज्ञांच्या संयुक्त विचारविनिमयाचे महत्त्व

बुरशी लागलेली वैरण झाडणे, साठवणीतील धान्य हलवणे, खुराडी स्वच्छ करणे अशा कामांत सेंद्रिय धूळ श्वासावाटे फुप्फुसात जाते. काही व्यक्तींमध्ये तिच्याविरुद्ध प्रतिकारशक्तीची प्रतिक्रिया होऊन फुप्फुसांच्या ऊतींना सूज येते. या विकारास हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस म्हणतात. ओलसर गवतात वाढणाऱ्या उष्णताप्रिय जिवाणूंमुळे होणारा ‘शेतकऱ्यांचा फुप्फुसविकार’ हा त्याचाच एक प्रकार होय. साठवलेल्या गव्हातील सायटोफिलस ग्रॅनॅरियस या सोंडकिड्यामुळेही असा विकार उद्भवू शकतो.

निदानातील अडचण

कोरडा खोकला व चालताना लागणारी धाप ही लक्षणे या विकाराप्रमाणेच इंटरस्टिशियल लंग डिसीज (आयएलडी) गटातील इतर अनेक आजारांतही आढळतात. आपल्या देशात काही रुग्णांना प्रथम क्षयरोगाचे औषध दिले जाते आणि त्यात मोलाचा काळ निघून जातो. उपचारांची दिशाही निदानावरच अवलंबून असते. हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिसमध्ये कारक धुळीपासून दूर राहणे हा पहिला उपाय असून अनेकदा स्टेरॉइडचा उपयोग होतो. याउलट, इडिओपॅथिक पल्मोनरी फायब्रोसिसमध्ये स्टेरॉइड, अ‍ॅझाथायोप्रिन व एन-अ‍ॅसिटिलसिस्टीन यांच्या एकत्रित उपचाराने मृत्यू वाढल्याचे २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील चाचणीत दिसून आले.

भारतीय नोंदणीतील निष्कर्ष

संयुक्त विचारविनिमयात श्वसनविकारतज्ज्ञ, क्ष-किरणतज्ज्ञ, विकृतिशास्त्रज्ञ व गरजेनुसार संधिवाततज्ज्ञ एकाच रुग्णाची माहिती एकत्र बसून तपासतात. सीटी स्कॅनमधील संदिग्ध खुणेचा अर्थ रुग्णाच्या व्यवसायाच्या माहितीने स्पष्ट होऊ शकतो. संधिवाताची लक्षणे आढळल्यास निदान वेगळ्याच दिशेने वळते.

या पद्धतीचा परिणाम भारतातील आयएलडी नोंदणीत दिसून येतो. २०१२ ते २०१५ या काळात १९ शहरांतील २७ केंद्रांमधून १,०८४ रुग्णांची नोंद झाली. स्थानिक डॉक्टरांचे निदान, जयपूर येथील समन्वय केंद्राचे निदान आणि अमेरिकेतील सिएटल येथील तज्ज्ञगटाचे निदान यांची तुलना करण्यात आली. अंतिम निदानानुसार ४७.३ टक्के रुग्णांना हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस होता आणि त्यांपैकी जवळजवळ निम्म्यांचा एअर कूलरशी संपर्क नोंदला गेला. इडिओपॅथिक पल्मोनरी फायब्रोसिसचे प्रमाण १३.७ टक्के होते.

निदानांतील एकवाक्यता कॅपा या निर्देशांकाने मोजली जाते. शून्य म्हणजे केवळ योगायोगाने जुळणारे निदान, तर एक म्हणजे पूर्ण एकवाक्यता. स्थानिक डॉक्टर व सिएटलचा गट यांच्यात तो ०.३५१ होता, जयपूर व सिएटल यांच्यात ०.६१८. म्हणजेच अनुभवी गटांची निदाने एकमेकांशी अधिक जुळली, तरी पूर्णतः जुळली नाहीत.

शेतकऱ्यांनी काय करावे?

रुग्णाने न सांगितलेला धुळीचा संपर्क केवळ स्कॅनवरून तज्ज्ञगटालाही निश्चित ओळखता येत नाही. म्हणून खोकला वा धाप काही आठवडे टिकल्यास तपासणीस जाताना पुढील माहिती लिहून न्यावी :

• कोणती वैरण, धान्य, पक्षी वा बगॅस हाताळले जाते व किती वर्षांपासून;
• घरात एअर कूलर, ओल किंवा पारव्यांची विष्ठा आहे का;
• कोणत्या कामानंतर त्रास वाढतो आणि काम थांबल्यावर तो कमी होतो का;
• सांधेदुखी आहे का, कोणती औषधे चालू आहेत.

जुने क्ष-किरण व सीटी स्कॅनही सोबत ठेवावेत. निदान अनिश्चित राहिल्यास संयुक्त विचारविनिमयाची सोय असलेल्या केंद्राकडे पाठविण्याची विनंती करावी. वैरण व धान्य पूर्ण वाळवून साठवणे हा मात्र प्रत्येक शेतकऱ्याच्या हाती असलेला प्रतिबंध होय.