थैलीचं तोंड कुणीकडे?

चि. बाळूस,


तू आपल्या चर्चच्या पास्टोरेट कमिटीवर निवडून आलास आणि पहिल्याच बैठकीत सेवाकार्याच्या उपसमितीत तुझं नाव घातलं, हे तुझ्या आईने फोनवर सांगितलं. तिला आनंद झालाय. मलाही झालाय, पण थोडी काळजीही आहे. इमारत समितीत असतास तर रंगाचे डबे आणि पत्रे मोजून मोकळा झाला असतास. इथे ज्याला 'नाही' म्हणशील तोच पुढच्या रविवारी उपासनेला तुझ्या शेजारी बसायचा.

तुझी चिठ्ठी वाचली. शिलाई मशीन वाटप, नेत्रतपासणी शिबिर आणि पाथर्डीकडच्या ऊसतोड कुटुंबांच्या मुलांसाठी काहीतरी, असे तीन प्रस्ताव आहेत आणि पैसा जेमतेम एकाला पुरेल. यातला कोणता धरावा, असं तू विचारतोस. सांगते. पण त्याआधी त्या यादीत कोण नाही ते बघ.

प्रेषितांच्या कृत्यांचा सहावा अध्याय काढ आणि या वेळी खजिनदाराच्या नजरेने वाच. यरुशलेमच्या मंडळीत रोजचं अन्न वाटलं जात होतं आणि ग्रीक बोलणाऱ्यांच्या विधवा त्यातून सुटत होत्या. माझी खात्री आहे, कुणी मुद्दाम केलं नसणार. वाटणारे स्थानिक होते, त्यांना आपल्या गल्लीतल्या म्हाताऱ्या तोंडओळखीने माहीत होत्या, बाकीच्या नजरेत आल्याच नाहीत. कुरकुर वर पोहोचली तेव्हा प्रेषितांनी वाटणाऱ्यांना बोल लावत बसण्याऐवजी मंडळीलाच सात माणसं निवडायला सांगितली. आता त्या सातांची नावं वाच. स्तेफन, फिलिप्प अशी सगळी ग्रीक नावं आहेत. शेवटचा नीकलाव तर जन्माने यहूदीसुद्धा नव्हता, अंत्युखियाचा होता. ज्यांच्या विधवा उपाशी राहिल्या त्यांच्याच हातात थैली दिली गेली. मी किती वर्षं कमिटीवर होते तुला ठाऊक आहे. या अध्यायावर प्रवचनं पुष्कळ ऐकली, पण त्याप्रमाणे उपसमिती नेमलेली क्वचितच पाहिली. आपल्याकडे वाटणारे ठरलेले असतात, आणि घेणारे फोटोपुरते पुढे येतात.

म्हणून तुझं पहिलं काम प्रस्ताव निवडण्याचं नाहीच. उपसमितीत दोन माणसं अशी घे, ज्यांच्या घरी कधीतरी मदत आलेली आहे. महिला मंडळातली ती घरकाम करणारी बाई घे, जी उपासनेला मागच्या बाकावर बसते आणि अर्पणाची थैली आली की हात पदराआड नेते. कोण खरं अडलंय आणि कोण अडल्याचं दाखवतंय हे तिला आपल्यापेक्षा चांगलं कळतं. विरोध होईल. तिला हिशेब कळत नाही, असं कुणीतरी म्हणेलच. दोन हजारांत महिना काढणाऱ्या बाईला हिशेब शिकवायला निघालेल्यांशी वाद घालू नकोस, नाव सुचव आणि गप्प बस.

आता शिलाई मशीन. हा प्रस्ताव दरवर्षी येतो, कारण तो फोटोत छान दिसतो. चौथरा, वर हार घातलेली मशीनं, बाजूला पाळकसाहेब आणि पाहुणे. पुढे काय होतं ते एकदा जाऊन बघ. नगरच्या कापडबाजारात तयार ब्लाउज आणि गाउन एवढे स्वस्त झालेत की घरी शिवणाऱ्या बाईला दोऱ्याचे पैसेही सुटत नाहीत. मी ज्या घरांत गेले त्यातल्या कित्येक ठिकाणी मशीनवर टीव्ही होता किंवा धुतलेल्या कपड्यांचा ढीग. ज्या दोघी-तिघी खरंच शिवत होत्या, त्यांना मशीन आधीपासून येत होतं आणि शाळेच्या गणवेशांचं काम मिळालेलं होतं. तेव्हा मशीनसाठी आग्रह धरणाऱ्याला एवढंच विचार: शिवलेलं घेणार कोण? गिऱ्हाईक दाखव, मशीन घे.

शिबिराचं वेगळं आहे. नेत्रतपासणी चांगलीच, पण शिबिराच्या दिवशी कुणाचाच मोतीबिंदू जात नाही. तपासून नुसती चिठ्ठी हातात दिली तर म्हातारा ती कोनाड्यात ठेवतो. शस्त्रक्रिया सरकारी कार्यक्रमातून आणि धर्मादाय रुग्णालयांतून फुकट होते, तिथे आपला पैसा लागत नाही. लागतो तो गाडीला, बरोबर राहणाऱ्या माणसाला, आणि नंतर दिवसातून चार-पाच वेळा डोळ्यांत थेंब घालणाऱ्या हाताला. शिबिर घेणाऱ्यांनी या गोष्टींची नावानिशी जबाबदारी घेतली तर पैसे दे. नाहीतर शिबिराचा आकडा त्यांच्या अहवालात जाईल आणि म्हातारा घरीच राहील.

हाच धागा मी तुला मुद्दाम लांबवर दाखवते, कारण इथेच मंडळीचा पैसा सगळ्यात चांगला लागतो. डायलिसिसचंच घे. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत ते बसतं, त्यामुळे दवाखान्याच्या बिलासाठी मंडळीने पैसे गोळा करायचं कारण बहुतेकदा उरत नाही. पण आठवड्यातून दोन-तीनदा श्रीगोंद्याहून नगरला यायचं, बरोबर एकाने रोजगार बुडवून बसायचं, हा सगळा भार योजनेने उतरत नाही. माणूस उपचाराअभावी नाही, येण्या-जाण्याच्या खर्चापायी डायलिसिस सोडतो. दर महिन्याला गाडीभाडं आणि दुपारचं जेवण यासाठी दिलेली छोटी रक्कम तिथे कुणाच्या तरी बापाला घरी ठेवते. पण त्याची बातमी होत नाही, म्हणून असा प्रस्ताव कुणी आणत नाही.

तसंच निराधार योजनेचं. संजय गांधी निराधार योजनेत विधवा बाईला महिना १५०० रुपये मिळतात. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असल्याचा दाखला लागतो, तो तहसील कचेरीतून आणावा लागतो, दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो, आणि आता पैसे आधार जोडलेल्या खात्यातच येतात. कुठे अंगठा उमटत नाही, कुठे आधारवरचं नाव बँकेतल्या नावाशी जुळत नाही, आणि वर्षभराचं अनुदान थांबतं. आपल्या मंडळीत निवृत्त शिक्षक, पोस्टातले, झेडपीतले कारकून किती आहेत! रविवारी उपासनेनंतर चर्चच्या आवारात एक टेबल लाव, दोघांना बसव, येईल त्याचे कागद भरून दे. आपल्या मंडळीचा असो नसो. झेरॉक्सचा आणि सेतू केंद्राच्या फीचा खर्च सोडला तर पैसा लागतच नाही. मंडळीजवळ खरं भांडवल हेच आहे. पण कमिटीत मागणी नेहमी पैशाची येते, कारण पैसा दिला की स्वतः जावं लागत नाही.

कॅथलिक लोकांची सेंट विन्सेंट डी पॉल सोसायटी बघ. १८३३ साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम आणि त्याच्या विद्यार्थी मित्रांनी ती सुरू केली. गरजूंच्या घरी जायचं ते जोडीने आणि स्वतः, हा त्यांचा पहिल्यापासूनचा रिवाज. कमिटीच्या टेबलावर बसून घर कळत नाही. ही रीत उचलायला आपल्याला कुणाच्या परवानगीची गरज नाही.

आता ऊसतोड मुलांचा प्रस्ताव. तो मला तिन्हीत उजवा वाटतो, पण आज आलाय तसा नाही. दिवाळी झाली की मुकादमाची उचल घेतलेली जोडपी कोयता घेऊन कारखान्यांच्या वाटेला लागतात. पोरं बरोबर गेली तर शाळा सुटते, मागे आजीजवळ राहिली तर आजीला स्वतःचंच होत नाही. हंगामी वसतिगृहाची सरकारी सोय आहे, पण ती कुठे सुरू होते, कुठे महिनाभर उशिरा होते. प्रस्तावात दप्तरं आणि स्वेटर लिहिलेत. दप्तरं कुणीही देतं, दिवाळीत तर ती गावोगाव वाटली जातात. गावात दोन-तीन आज्यांना मानधन देऊन संध्याकाळचं जेवण आणि अभ्यासाची जागा चालवता आली तर सहा महिने ती पोरं गावातल्या शाळेतच राहतील. मानधन त्याच गावातल्या बायांना जायला हवं. आणि पहिल्या वर्षी एकच गाव धर. दहा गावांना दप्तरं द्यायला कमिटी एका मिनिटात हात वर करेल. एका गावात सहा महिने चूल पेटती ठेवायची म्हटलं की वर्षभराचा विचार करावा लागतो, तिथे चर्चा लांबते. लांबू दे.

आता एक गोष्ट, जिच्यात मी अजिबात ढिलाई मानत नाही. मदतीच्या पिशवीत पत्रक घालू नकोस, जेवणाआधी कुणाला प्रार्थनेला उभं करू नकोस. आपल्या नगर जिल्ह्याला हे वेगळं सांगायला नको. १८७६ ते ७८, मग १८९६-९७, मग १८९९-१९००, या दुष्काळांत अमेरिकन मिशनच्या दारात लोक आले, त्यातले काही आपलेच पूर्वज होते, आणि 'पोटासाठी बाटले' हा टोमणा त्यांनी जन्मभर ऐकला. आपल्या मदतीने तो टोमणा आता दुसऱ्या कुणाच्या वाट्याला जाऊ नये. याच मिशनने त्याच्याही आधी, १८३१ साली, नगरला ठाणं घातलं; पैसा बोस्टनहून यायचा आणि निर्णयही तिकडचेच. तरी मिशनच्याच मिस फॅरारबाईंची नगरची मुलींची शाळा बघ. शिकायला येणाऱ्या मुली बहुतेक ख्रिस्ती घरच्या नव्हत्या. ती शाळा जोतीराव फुल्यांनी पाहिली आणि १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली. मिशनच्या अहवालात सभासदसंख्येच्या रकान्यात त्यातलं काय दाखवता आलं असतं? सेवाकार्याचा हिशेब त्या रकान्यात मांडायला लागलास की निवड बिघडलीच म्हणून समज.

पैसा कुठून येतो तेही डोक्यात ठेव. कापणीच्या सणाचा लिलाव तुला आवडतो. पपई एकाने घ्यायची, पुन्हा मंडळीला अर्पण करायची, ती परत लिलावात फिरायची, आणि तीस रुपयांची पपई शेवटी हजाराला जायची. मलाही आवडतो. पण त्यात मळ्यातून कोंबडी घेऊन आलेली म्हातारीही असते, तिच्या घरी त्या महिन्यात तीच एक कोंबडी असते. लिलावाच्या रकमेतून नाताळच्या रोषणाईचं राहिलेलं देणं भागवायचा विषय निघाला की तू उठून बोलायचंस. रोषणाईसाठी वेगळी वर्गणी काढा म्हणावं, मीही देईन.

रक्कम सगळी एकदम वाटू नका. तिसरा हिस्सा मागे ठेवा, आग लागते, अपघात होतो, सीना नदी दारात येते. हा राखीव पैसा देण्याचा अधिकार दोघांना द्या, पण दोघे एकाच घरातले नकोत. तुझ्या चुलतभावाची संस्था शिबिराच्या प्रस्तावामागे आहे, हे मला माहीत आहे. तो विषय निघाला की तू खोलीबाहेर जा, आणि बाहेर गेल्याची नोंद इतिवृत्तात करायला सचिवांना सांग. पौलाने यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी जमवली तेव्हा मंडळ्यांनी निवडलेली माणसं बरोबर घेतली, म्हणजे पुढे कुणाला बोट दाखवायला जागा राहू नये. पौलासारख्याला ती गरज वाटली, तर आपल्याला नक्कीच आहे. वर्षअखेरीला ऑडिट होऊन हिशेब धर्मादाय आयुक्तांकडे जातातच, पण ते कागद मंडळीतलं कुणी बघत नाही. तू मात्र चर्चच्या फलकावर एक कागद लाव: कुठल्या कामाला किती दिले, काम कसं चाललंय. घेणाऱ्याचं नाव त्यावर घालू नकोस.

आणि 'नाही' म्हणायचं असेल तर पत्र पाठवू नकोस, घरी जाऊन सांग. चहा घे, थोडा वेळ बस, मग सांग. चार दिवस रागावतील.

पुढच्या बैठकीआधी एक कर. कुणालातरी बरोबर घेऊन पाथर्डी तालुक्यातल्या एका गावात दिवसभर जा. शनिवारी नको, शाळेचा पूर्ण दिवस बघ, म्हणजे हजेरीपटावर दिवाळीनंतर किती नावांपुढे गैरहजर पडलंय ते गुरुजींना विचारता येईल. मग त्या घरांतल्या आज्यांशी बोल. त्या म्हणाल्या की चूल नको, पोरांना फक्त स्वेटर द्या, तर माझं म्हणणं बाजूला ठेव आणि स्वेटरच घे.

आईला सांग, गुडघा बरा आहे. नाताळात येईन तेव्हा इतिवृत्ताची वही वाचायला ठेव.

तुझी,
आत्या