शब्द अडतो तेव्हा

घरात घड्याळ असेल तर एक गंमत करून पाहा. शेजारी बसलेल्याला सांगा, "एका मिनिटात आठवतील तेवढ्या जनावरांची नावे सांग बघू." तो म्हणेल : गाय, म्हैस, बैल, शेळी, मेंढी. मग क्षणभर थांबेल. मग म्हणेल : कोल्हा, लांडगा, तरस, वाघ. आधी गोठा झाला, मग रान झाले.

शब्द असे कळपाने येतात. एक कळप सरला, की मन उडी मारून दुसऱ्या कळपाकडे जाते. धडधाकट माणूस मिनिटात पंधरा-वीस नावे सहज सांगतो.

डॉक्टर लोक हीच परीक्षा घेतात. तिची आणखी एक तऱ्हा आहे. 'क' पासून सुरू होणारे शब्द सांगा, असे ते विचारतात. ज्याला अक्षरओळख नाही त्याला हे फार जड जाते. लिहावाचायला शिकण्यापूर्वी तुम्हीही अडला असता. तो काही आजार नव्हे. म्हणून जाणता डॉक्टर आधी विचारतो, शिक्षण किती झाले ?

पण एका आजारात मात्र शब्द खरेच अडतात.

एखाद्या घरी विशीतला मुलगा असतो. कामाला वाघ, बोलायला मोकळा. पुढे तो हळूहळू गप्प होतो. रात्र रात्र झोपत नाही. लोक माझ्या वाइटावर आहेत, असे म्हणतो. जवळ कोणी नसताना त्याला आवाज ऐकू येतात. बाप विचारतो, "कांदा काय भावानं गेला रे ?" मुलगा नुसता बघत राहतो. मग म्हणतो, "ते... ते... गेलं." बाप म्हणतो, "माजलाय कार्टा." आजी म्हणते, "बाहेरचं झालंय त्याला."

तो माजलेलाही नसतो आणि बाहेरचेही काही नसते. या आजाराला डॉक्टर सायकोसिस म्हणतात. तो बहुधा ऐन तारुण्यात सुरू होतो. मुलींनाही होतो.

अशा माणसाला जनावरांची नावे विचारली, तर तो पुष्कळदा गाय, म्हैस, बैल म्हणून अडतो. पुन्हा गाय म्हणतो. गोठ्यातून रानात जायची वाट त्याला लवकर सापडत नाही. कपाळामागचा मेंदू ही वाट शोधायला मदत करतो. त्याचेच काम मंदावलेले असते. स्वित्झर्लंडचे डॉक्टर ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९११ साली या जातीच्या एका आजारावर मोठे पुस्तक लिहिले. एका विचाराला दुसरा विचार जोडणारे धागे सैल होतात, असे त्यांचे म्हणणे होते.

काही जण म्हणतात, गोळ्यांनी पोरगा मुका झाला. गोळ्यांनी सुस्ती येते हे खरे. पण शब्द अडणे गोळ्या सुरू होण्याआधीही दिसते. सुस्ती फार वाटली तर डॉक्टरांना सांगावे. आपल्या मनाने गोळ्या बंद करू नयेत.

बरे, त्याचे शब्द पुसून गेलेले नसतात. वाघाचे चित्र दाखवा, तो पुष्कळदा चटकन "वाघ" म्हणेल. कणगीत दाणे आहेत, तोंडाशी अडले आहेत, एवढेच. म्हणून "कांदा काय भावानं गेला ?" असे विचारून अडला, तर "हजारानं गेला का बाराशेनं ?" असे विचारा. एका वेळी एकच गोष्ट विचारा आणि थांबा. थांबणे आपल्याला जमत नाही, ही खरी अडचण. चारचौघांत त्याला हसणे तर फारच वाईट. मग तो बोलणेच सोडतो.

एक मात्र ओळखून असा. चांगला बोलणारा माणूस एकाएकी अडखळला, तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला, तर ते निराळे दुखणे. तो पक्षाघात असू शकतो. तिथे थांबू नका. १०८ ला फोन करून तडक मोठ्या दवाखान्यात न्या.

सायकोसिसला औषध आहे. जितके लवकर सुरू होईल तितका गुण अधिक. वर्ष-दोन वर्षे देवऋषाकडे गेली, की आजार मुरतो. सरकारने २०२२ साली टेली-मानस ही फोनची सोय सुरू केली आहे. क्रमांक १४४१६. पैसे पडत नाहीत, रात्री-अपरात्रीही लागतो, मराठीत बोलता येते. जवळ डॉक्टर कुठे भेटेल तेही तिथे विचारा.

डॉक्टरांकडे जाताना एक कागद न्या. झोप कधीपासून गेली, बोलणे कधीपासून कमी झाले, आवाज ऐकू येतात का, हे त्यावर मांडा. आता तुम्हाला लिहिता येते.