कोपऱ्यातलं पिस्तूल : एक मूल्यमापन

(तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी)

दरवर्षी 2 जानेवारीला महाराष्ट्र पोलीस स्थापना दिन असतो. त्या आठवड्यात ठिकठिकाणी शाळा-कॉलेजच्या मुलांसाठी शस्त्रांचं प्रदर्शन मांडलं जातं. माझं गाव उंबरमाळी. खर्डी आणि कसाऱ्याच्या मधलं स्टेशन. लोकलमध्ये डोळा लागला तर माणूस थेट कसाऱ्याला उतरतो. सेमिस्टरच्या सुट्टीत घरी होतो, म्हणून लोकलने आसनगाव आणि तिथून रिक्षाने तालुक्याला प्रदर्शन बघायला गेलो. सोबत शेजारचे नाना होते. नाना पोलीस खात्यातून सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालेत.

एके-47 आणि इन्सासच्या टेबलाभोवती ही गर्दी! जो तो फोटो काढतोय. शेवटच्या टेबलाच्या कोपऱ्यात एक काळं पिस्तूल पडलं होतं. चिठ्ठीवर लिहिलं होतं, ‘9 एमएम पिस्तूल’. माझ्या पुढचा एक मुलगा म्हणाला, “हे काय जुनाट! ग्लॉक नाही का?” नाना काही बोलले नाहीत. त्यांनी परवानगी घेतली, रिकामं असल्याची खात्री करून घेतली आणि ते माझ्या हातात दिलं. “आधी धरून बघ, मग नाव ठेव,” एवढंच म्हणाले.

त्या एका वाक्यावरून हा लेख सुचला. एखादं यंत्र जुनं आहे म्हणून टाकाऊ ठरवायचं, की त्याला मोजून-मापून मार्क द्यायचे? आपण इंजिनिअर होणार, तेव्हा दुसरा मार्ग बरा.

1. ओळख

या पिस्तुलाचं पूर्ण नाव ‘पिस्तूल ऑटो 9 एमएम 1ए’. पश्चिम बंगालमधल्या ईशापूरच्या रायफल फॅक्टरीत ते बनतं. मूळ रचना बेल्जियमच्या एफएन कंपनीच्या ‘ब्राउनिंग हाय-पॉवर’ची. जॉन ब्राउनिंग हा अमेरिकन संशोधक 1926 साली वारला. त्याचं अर्धवट राहिलेलं काम द्यूदोने सेव्ह या बेल्जियन इंजिनिअरने पुरं केलं आणि 1935 साली हे पिस्तूल बाजारात आलं. म्हणजे रचनेचं वय नव्वदीच्या पुढे.

नावात ‘ऑटो’ असलं तरी हे सेमी-ऑटोमॅटिक आहे. एकदा चाप ओढला की एकच गोळी सुटते. रिकामं टरफल बाहेर फेकणं, घोडा मागे नेणं आणि पुढचं काडतूस भरणं ही कामं मात्र ते स्वतः करतं.

2. काम कसं चालतं?

आता तुम्ही म्हणाल, ही कामं करायला ताकद कुठून येते? न्यूटनचा तिसरा नियम! गोळी पुढे जाते, तेव्हा स्लाइड आणि बॅरल एकमेकांत अडकलेल्या अवस्थेत मागे येतात. थोडं अंतर गेल्यावर बॅरलखालचा कॅम बॅरलचं मागचं टोक खाली ओढतो, दोघांची गाठ सुटते आणि स्लाइड एकटी मागे जाते.

इथे एक छान गणित आहे. गोळीचं वजन 7.45 ग्रॅम. समजा स्लाइड आणि बॅरल मिळून 400 ग्रॅम. गोळीने बॅरलमध्ये 100 मिमी प्रवास केला, तर संवेग अक्षय्यतेनुसार मागे येणारे भाग किती सरकतील? 7.45 भागिले 400 गुणिले 100, म्हणजे जेमतेम 1.9 मिमी. गोळी बाहेर पडेपर्यंत कुलूप जवळपास जागच्या जागी असतं. दाब उतरल्यावरच ते उघडतं. वेगळा टायमर नाही, सेन्सर नाही. वजनांचं गुणोत्तर हाच टायमर. आजच्या बहुतेक 9 एमएम पिस्तुलांत हीच कल्पना थोड्याफार फरकाने वापरतात, ग्लॉकमध्येसुद्धा.

3. हाताळणी

*पकड :* हाय-पॉवरचं खरं यश इथे आहे. मॅगझिनमध्ये 13 काडतुसं दोन रांगांत, एकाआड एक बसवलेली. तरीही मूठ बारीक. माझा हात काही मोठा नाही, पण तर्जनीचं पहिलं पेर चापावर सहज पोचलं. कारण हे सिंगल अ‍ॅक्शन आहे. घोडा आधीच मागे असल्यामुळे चापाला लांब पल्ला लागत नाही. भरती होणाऱ्या सगळ्या मुलामुलींचे हात एका मापाचे नसतात, म्हणून ही गोष्ट मोलाची.

*तोल :* रिकामं वजन सुमारे 900 ग्रॅम, 13 काडतुसांसह साधारण 1.06 किलो. हॉस्टेलवर प्रयोग करून बघा. एक लिटरची पाण्याने भरलेली बाटली हात सरळ ठेवून एक मिनिट धरा. खांद्यापासून 65 सेंमीवर हे वजन सुमारे 6.8 न्यूटन-मीटरचा टॉर्क देतं. चाळिसाव्या सेकंदाला हात थरथरायला लागतो! पण बाटली आणि पिस्तुलात एक फरक आहे. काडतुसांचं वजन मुठीच्या आतच असल्यामुळे मॅगझिन रिकामं होत गेलं तरी तोल फारसा पुढे-मागे होत नाही.

*धक्का :* गोळीचा वेग 380 मीटर प्रतिसेकंद धरला, तर तिचा संवेग 2.83 किलोग्रॅम-मीटर प्रतिसेकंद. (बारुदाच्या वायूचा वाटा सोयीसाठी सोडला आहे.) 1.06 किलोचं पिस्तूल 2.67 मीटर प्रतिसेकंद वेगाने मागे येईल आणि त्याची ऊर्जा 3.8 ज्यूल भरेल. भरलेलं वजन 0.9 किलोच्या आसपास असलेलं प्लास्टिकच्या साच्याचं आधुनिक पिस्तूल घेतलं, तर तीच ऊर्जा 4.4 ज्यूल होते. म्हणजे कमरेला जे ओझं वाटतं, तेच गोळी झाडताना मदतीला येतं. नवशिक्याला दुसरा नेम लवकर सापडतो तो यामुळे.

4. दोष

प्रेमापोटी दोष झाकायचे नाहीत. पहिला दोष साइटचा. जुन्या नमुन्याची साइट बारीक आहे, संध्याकाळच्या अंधुक उजेडात ती शोधावी लागते. दुसरा दोष सेफ्टीच्या खटक्याचा. तो छोटा आहे, अंगठ्याला चटकन सापडत नाही. तिसरा चापाचा. मॅगझिन काढलं की चाप चालू नये, अशी एक कळ यात बसवलेली आहे. सुरक्षिततेला ती चांगली, पण तिच्या घासण्यामुळे चाप जड आणि खरखरीत लागतो. चौथा दोष, जाड पंजाच्या माणसाला घोडा मागे येताना अंगठा आणि तर्जनीमधल्या कातडीला चिमटा काढतो. नानांच्या हातावर ती खूण अजून आहे. शिवाय ग्लॉक 17 च्या मॅगझिनमध्ये 17 काडतुसं बसतात, इथे 13.

म्हणूनच ब्रिटिश सैन्याने 2013 साली आपल्या ब्राउनिंगच्या जागी ग्लॉक निवडलं. पण गोष्ट तिथे संपली नाही. एफएनने हाय-पॉवरचं उत्पादन थांबवल्यावर 2021 मध्ये अमेरिकेच्या स्प्रिंगफील्ड आर्मरीने याच नमुन्याचं नवं पिस्तूल काढलं, आणि 2022 मध्ये खुद्द एफएननेही ‘हाय पॉवर’ नावानेच नवी आवृत्ती आणली. पाया कुचकामी असता तर कोणी पुन्हा त्यावर घर बांधलं असतं का?

5. किंमत म्हणजे काय?

एक गोष्ट स्पष्ट करतो. इथे किंमत म्हणजे आपण दुकानात मोजायची किंमत नव्हे. 9 एमएम हा आपल्याकडे निषिद्ध बोअर आहे. तो सामान्य नागरिकासाठी नाही. शस्त्र कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीनंतर निषिद्ध शस्त्र बेकायदा बाळगल्यास किमान 7 आणि कमाल 14 वर्षांची शिक्षा आहे. आणि ‘गावठी कट्टा’ नावाच्या वस्तूला तर मी मूल्यमापनातच धरत नाही. 9 एमएम काडतुसाचा कमाल दाब 235 मेगापास्कल, म्हणजे 2350 बार धरतात. घरच्या कुकरची शिट्टी साधारण 1 बारला होते! कुठलातरी पाइप कापून केलेली नळी हा दाब कशी सोसणार? स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्समधली लामेची समीकरणं मांडून बघा आणि मग त्या वस्तूपासून चार हात लांब राहा.

तेव्हा किंमत बघायची ती दलाच्या नजरेने. पिस्तूल देशात बनतं, त्यामुळे सुटे भाग देशातच होतात. काडतूसही इथलंच, 1869 पासूनच्या आपल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यात 9 एमएम काडतुसं बनतात. हेच काडतूस 9 एमएम कार्बाइनलाही चालतं, म्हणजे साठा एकच. सफाईसाठी पिस्तूल उघडायला हत्यार लागत नाही.

पण खरी किंमत मला परतीच्या लोकलमध्ये कळली. मी विचारलं, “नाना, ड्यूटीवर असताना याचा भरवसा वाटायचा का तुम्हाला?”

नाना बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. मग म्हणाले, “पिस्तुलाचा वाटायचा. माझा मलाच वाटायचा नाही. वर्षाकाठी सरावाला मोजक्या गोळ्या. एकदा रात्री खरंच काढायची वेळ आली, तर सेफ्टीचा खटकाच अंगठ्याला सापडेना. तो माणूस पळाला म्हणून बरं, माझ्यावर आला असता तर? पिस्तूल म्हातारं नव्हतं रे, आमचा सराव उपाशी होता.”

मित्रांनो, हे वाक्य कुठल्या टेक्स्टबुकात नाही. महागडं पिस्तूल घेऊन सरावाच्या गोळ्यांत काटकसर केली, तर तो सौदा महागच पडला. उलट जुनंच पिस्तूल ठेवून, साइट आणि खटका सुधारून, उरलेला पैसा सरावावर घातला, तर त्याच माणसाचा हात रात्री चुकणार नाही.

6. मार्कशीट

(मार्क माझे, वाद घालायला रूमवर या.)

पकड व आवाका – 25 पैकी 21
तोल व धक्का – 20 पैकी 16
चाप – 15 पैकी 8
साइट – 10 पैकी 4
सुरक्षा व खटके – 15 पैकी 9
देखभाल व काडतुसांची उपलब्धता – 15 पैकी 13
एकूण – 100 पैकी 71

नव्वदी पार केलेल्या रचनेला फर्स्ट क्लास! गेलेले मार्क कुठे गेले तेही बघा. निम्म्याहून जास्त मार्क साइट, चाप आणि खटक्यात गेले आहेत, आणि हे तिन्ही भाग मूळ रचना न बदलता सुधारता येतात.

या विषयाची ज्यांना गोडी लागेल, त्यांनी पुण्याच्या पाषाणमधल्या एआरडीई या डीआरडीओच्या संस्थेकडे लक्ष ठेवावं. 2021 साली पुढे आलेलं ‘अस्मी’ हे 9 एमएम मशीन पिस्तूल तिथल्या सहभागातून तयार झालं. लेफ्टनंट कर्नल प्रसाद बनसोड यांचं त्यात मोलाचं काम आहे.

आपल्या वर्कशॉपमधल्या जुन्या लेथला आपण ‘डबा’ म्हणतो. त्याच्यावर 0.02 मिमीत जॉब काढणारे आपले वर्कशॉपचे काका मात्र त्याला कधी डबा म्हणत नाहीत. पुढच्या वेळी एखाद्या यंत्राला नाव ठेवण्याआधी, नाना म्हणाले तसं, आधी धरून बघूया.