फाशीच्या खटल्याचा ताळेबंद

बेळगावजवळचे हिंडलगा मध्यवर्ती कारागृह आपणां सर्वांस ठाऊक आहे. फाशीची शिक्षा झालेले कैदी या कारागृहात ठेवले जातात. येथील शेवटची फाशी १९८३ सालची. याच बेळगावात १९३९ पासून राजा लखमगौडा विधी महाविद्यालय आहे. तुरुंग आणि कायद्याचे वर्ग एकाच गावात असताना, फाशीचा खटला कसा चालवावा हे विद्यार्थ्यांना कसे शिकवावे, हा प्रश्न आपल्या भागात तरी पुस्तकी राहू नये. त्याचा थोडा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने या विषयात का पडावे, असे कोणी विचारील. त्याचे कारण ‘ताळेबंद’ हा शब्द. कन्नडमध्ये त्याला ‘अढावे पत्रिके’ म्हणतात. त्यात आपला मराठी ‘आढावा’ ऐकू येतो. हा शब्द सर्वोच्च न्यायालयाने फाशीच्या संदर्भात वापरला आहे. बच्चनसिंग खटल्यात (१९८०) न्यायालयाने फाशी घटनेला धरून असल्याचे ठरविले, परंतु ती ‘दुर्मिळातील दुर्मिळ’ प्रकरणातच द्यावी आणि केवळ गुन्हा नव्हे, गुन्हेगार माणूसही पाहावा असे सांगितले. पुढे माच्छीसिंग खटल्यात (१९८३) शिक्षा वाढविणाऱ्या आणि शिक्षा सौम्य करणाऱ्या कारणांचा ताळेबंद मांडावा, असे म्हटले गेले.

आता ताळेबंद शिकणारा विद्यार्थी प्रथम काय विचारील? नोंदी कोणी केल्या? पहिल्या बाजूच्या नोंदी पोलीस करतात. पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, साक्षीदारांचे जबाब असे सारे कागद तेथे असतात. दुसऱ्या बाजूला काय असते? आरोपीचे बालपण, शाळा कधी सुटली, घरची स्थिती, आजार, तुरुंगातील वर्तन. हे गोळा करणारा कोणीच नसेल तर ती बाजू कोरी राहते. शिक्षेबाबत आरोपीचे म्हणणे ऐकावे असा कायदा आहे. पण अनेकदा दोषी ठरविल्याच्या दिवशीच ही सुनावणी उरकली जाते. कोरी बाजू म्हणजे सांगण्यासारखे काही नव्हते, असा अर्थ मग निघतो. हिशेबात आपण असे कधी चालवून घेत नाही.

दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाने २०१६ साली फाशीच्या कैद्यांवरील अहवाल प्रसिद्ध केला. त्यासाठी कायद्याच्या विद्यार्थ्यांनी तुरुंगांत जाऊन मुलाखती घेतल्या. ३७३ कैद्यांची माहिती मिळाली आणि त्यांतील सुमारे तीन चतुर्थांश आर्थिकदृष्ट्या दुर्बल निघाले. मनोज खटल्यात (२० मे २०२२) तर सर्वोच्च न्यायालयाने सत्र न्यायालयांनाच सांगितले की, आरोपीची मानसिक तपासणी, कौटुंबिक पार्श्वभूमी आणि तुरुंगातील वर्तन यांची माहिती सुरुवातीलाच मागवावी. म्हणजे दुसरी बाजू भरणे हे आता वकिलीचे आवश्यक काम ठरले आहे. ते वर्गात शिकविले पाहिजे.

कसे शिकवावे? माझ्या मते तीन खटले पुरेत.

पहिला हिंडलग्याचा. बी. ए. उमेश याला बेंगळूरच्या न्यायालयाने २००६ साली फाशी ठोठावली. त्याला बेळगावच्या तुरुंगात सुमारे दहा वर्षे एकांतकोठडीत ठेवण्यात आले. दयेचा अर्ज निकाली निघण्यापूर्वी कैद्याला असे ठेवता येत नाही, हे सुनील बात्रा खटल्यापासून (१९७८) ठरलेले होते. ४ नोव्हेंबर २०२२ रोजी सरन्यायाधीश उदय लळीत यांच्या खंडपीठाने याच कारणास्तव फाशी रद्द करून किमान तीस वर्षांची जन्मठेप दिली. गुन्हा भयंकर होता, तो सिद्ध झालेला होता; त्यात बदल झाला नाही. तुरुंगातले दफ्तर आणि डॉक्टरांच्या नोंदी कोणीतरी वाचल्या, म्हणून हा निकाल लागला.

दुसरा निपाणीपासून जवळच्या कोल्हापूरचा. बालहत्याकांडातील गावित बहिणींना कोल्हापूरच्या सत्र न्यायालयाने २००१ साली फाशी सुनावली. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. परंतु दयेच्या अर्जाचा निकाल लागण्यास सात वर्षे दहा महिन्यांहून अधिक काळ गेला. शासनाच्या या दिरंगाईमुळे १८ जानेवारी २०२२ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने जन्मठेप दिली. येथे विद्यार्थ्याने केवळ तारखांचा तक्ता करावा.

तिसरा नाशिकच्या सत्र न्यायालयातील. भटक्या जमातीतील सहा जणांची फाशी २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने पक्की केली. ५ मार्च २०१९ रोजी त्याच न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडले. महत्त्वाच्या साक्षीदाराने आरंभी पोलिसांजवळच्या छायाचित्रांतून दुसऱ्याच इसमांना ओळखले होते, ही गोष्ट दडपली गेली होती. प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई मिळाली. दरम्यान फाशी झाली असती तर ही नोंद कोणत्या खात्यावर दुरुस्त केली असती?

आपल्या सीमाभागात आणखी एक अडचण आहे. आरोपीची आई आपल्या मुलाची हकिकत मराठीत सांगणार, पोलिसांचे कागद कन्नडात आणि धारवाड खंडपीठापुढील अपील इंग्रजीत. ‘घरात खायला नव्हते’ हे वाक्य तीन भाषांतून जाता जाता ‘गरीब कुटुंब’ एवढेच उरते. दोन्ही भाषा येणारे विद्यार्थी आपल्याकडे आहेत. इतर ठिकाणी जे काम दुभाष्यावर सोपवावे लागते, ते त्यांना स्वतः करता येईल.

यावर एक आक्षेप रास्त आहे. मारल्या गेलेल्यांच्या घरचे काय? त्यांचे दुःख कोणत्याही ताळेबंदात मावत नाही. संगीत खटल्यात (२०१२) सर्वोच्च न्यायालयानेही म्हटले की, गुन्हा आणि गुन्हेगार या भिन्न गोष्टी असल्याने त्यांची एकमेकींशी वजाबाकी करता येत नाही. हे मान्य करावे. परंतु वजाबाकी होत नाही म्हणून एक बाजू लिहूच नये, असे मात्र ठरत नाही. मृताच्या नातेवाइकांनाही खरा गुन्हेगार आणि टिकणारा निकाल हवा असतो. नाशिकच्या खटल्यात त्यांना सोळा वर्षांनी दोन्ही मिळाले नाहीत.

फाशी असावी की नसावी, यावर वादविवाद स्पर्धा पुष्कळ होतात. तो वाद चालू राहो. परंतु जोवर ही शिक्षा कायद्यात आहे, तोवर दोन्ही बाजूंच्या नोंदी पुऱ्या झाल्याखेरीज न्यायाधीशांनी हिशेब मिटवू नये, एवढे तरी दोन्ही पक्षांना पटावे. कायद्याच्या विद्यार्थ्यांनी आपल्या प्राध्यापकांकडे एवढीच मागणी करावी की, या खटल्यांचे निकाल वाचून दाखविल्यावर त्या नोंदी कशा करायच्या, तेही शिकवा.